पास गाड्यांचा धूर

बाबांनी तपासणी यंत्राची नळी मालट्रकच्या सायलेन्सरमध्ये खुपसली आणि ओरडले, "रेस द्या!" ड्रायव्हरने पाय दाबला. काळा लोट बाबांच्या तोंडावरून शेडच्या पत्र्याला भिडला. यंत्राने आकडा दाखवला. बाबांनी खोकत भिंतीवरच्या धुराच्या मर्यादांच्या तक्त्याकडे पाहिलं. "पास."

रांगेतल्या मागच्या नव्या टेम्पोचा मालक भडकला. "काका, माझा धूर धड दिसतही नाही, तरी मी फेल. आणि हे डबडं पास? डोळे तपासून घ्या!"

"ज्या सालची गाडी, त्या सालची मर्यादा," बाबा म्हणाले. "म्हातारीला सात खून माफ."

डबा द्यायला आलेली त्यांची मुलगी हसली. ती परिवहन खात्यात होती, भिंतीवरचा तक्ता तिच्याच कार्यालयातून निघाला होता. दर काही वर्षांनी नवं मानक येई. आधी धुरातल्या काजळीचं नुसतं वजन करत, पुढे तिचे कणही मोजू लागले. प्रत्येक मानक आधीच्यापेक्षा कडक असे, पण ते त्यानंतर बनणाऱ्या गाड्यांना. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांना तपासणीसाठी वेगळी, सैल मर्यादा ठरवून दिली होती; भंगारात जाईपर्यंत त्या तिच्यावरच पास होत राहत.

"वेळेवर जेवा," असं बजावून ती निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना श्वास घेता येईना. नवव्या दिवशी ते गेले.

"सिगारेट किती ओढायचे?" डॉक्टरांनी विचारलं होतं. एकही नाही, असं आई म्हणाली, तेव्हा त्यांनी मान डोलावली. विश्वास बसल्यासारखी नाही. ती मान आईच्या मनातून जाईना. तिने खात्याकडे अर्ज केला. मागणी एकच होती : हा माणूस कामामुळे गेला, एवढं कागदावर लिहून द्या.

चौकशी अधिकारी सज्जन होता. बाबांची बावीस वर्षांची रजिस्टरं त्याने खरोखरच चाळली होती.

"मावशी, शंभरातल्या अठ्ठ्याण्णव गाड्या मर्यादेत आहेत," तो हळू आवाजात म्हणाला. "प्रत्येक पानावर सही काकांचीच आहे. मर्यादेतल्या धुराने माणूस मरत नसतो. म्हणून तर मर्यादा ठरवतात. मॅडम, तुम्ही याच खात्यातल्या. तुम्हीच समजावा आईंना."

आईने लेकीकडे पाहिलं. "सांग गं, खरं आहे का हे?"

मुलीने बाबांच्या सहीचं रजिस्टर मिटलं.

"जुन्या गाड्यांची मर्यादा ठरवताना माणसांचा विषयच निघाला नव्हता," ती म्हणाली. "रस्त्यावरच्या गाड्या किती धूर सोडतात ते आधी मोजलं. मग त्यातल्या बहुतेक पास होतील, असा आकडा निवडला. तो आकडा मी निवडला, आई."