वाघाची उडी कोणी काढली?

“भूतगाडीतल्या भुताले दात किती होते?”

“एकोणीस,” वसंतराव निमजे म्हणाले. “कंपनीनं बत्तीस बसवले होते. बाकीचे महाल वस्तीतल्या पोट्ट्यायनं घरी नेले.”

सीताबर्डीच्या सभागृहात टाळ्या पडल्या. गावाबाहेरची ती पाळण्यांची बाग आणि तिला लागून असलेला कार्टूनचा स्टुडिओ बंद होऊन पंचवीस वर्षं झाली होती. चाहत्यांची पोटं सुटली होती, प्रश्न मात्र बालवयातच राहिले होते. वसंतराव तेव्हा स्टुडिओचं स्टोअर सांभाळायचे. चाहत्यांच्या मंडळाच्या अकरा मेळाव्यांत त्यांचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. ही गोष्ट ते स्वतःच्या तोंडानं कधी सांगत नसत. अध्यक्षांना सांगायला लावत.

समोरच्या भिंतीवर बारा चित्रं टांगली होती. वाघ दबा धरतो, झेपावतो, ओढ्यापलीकडे उतरतो. स्टुडिओच्या एकवीस सिनेमांमधली एवढीच मूळ चित्रं शिल्लक होती. यंदा कोणीतरी नाव न टाकता ती मंडळाला पाठवली होती. मंडळाचा सचिव अभिजीत खाली लावायची कोरी पाटी घेऊन उभा होता. चित्रकाराचं नाव काय लिहायचं, ते वसंतराव सांगणार होते.

तेवढ्यात प्रणाली उठली.

“काका, हा वाघ माह्या बाबानं काढला. लहानपणापासून आम्ही हेच आयकून राहिलो. पण यायले हसू येते.” तिनं शेजारच्या नवऱ्याकडे, प्रीतमकडे, बोट केलं. “आता तुम्हीच सांगा. तुम्ही सांगितलं का विषय संपला.”

“मामाजी घरी साधी चिमणी काढून दाखवत नाहीत,” प्रीतम सासऱ्यांकडे बघत, समोसा खात म्हणाला. “अन् इथं वाघ!”

पुढच्या रांगेतली दोनचार माणसं हसली. प्रणालीचे वडील, श्रावण पराते, खाली फरशीकडे बघत होते. मेळाव्याला यायचं त्यांनी दहा वर्षं टाळलं होतं. यंदा लेकीनं हाताला धरून आणलं होतं.

वसंतरावांनी भिंतीवरच्या वाघाकडे पाहिलं. नुसती मान हलवली असती, तरी सभागृहानं टाळ्या वाजवल्या असत्या. पण तो वाघ स्टुडिओतल्या चित्रकार कामिनी धकातेनं काढला होता. कामिनी वारली होती, आणि तिच्यासाठी उठून उभं राहायला तिथे कोणी नव्हतं.

“सांग ना गा वसंता,” श्रावण फरशीलाच म्हणाले. “पोरगी विचारून राहिली.”

“कामिनी धकाते,” वसंतराव म्हणाले. “लिही अभिजीत.”

अभिजीतनं लिहिलं. प्रीतमनं बायकोकडे पाहिलं आणि उरलेला समोसा एका घासात संपवला.

“तुह्या बाबानं यातली एक रेघ काढली नाही, पोरी. तो धुण्याच्या खात्यात होता. चित्रं प्लास्टिकच्या पानावर काढत. पान महाग. म्हणून शूटिंग झालं का सारी चित्रं याच्याकडे. सोडा अन् गरम पाणी. घासून कोरं करायचं अन् माह्या स्टोअरात परत द्यायचं. एकवीस सिनेमे या माणसानं आपल्या हातानं पुसले.”

प्रणाली खाली बसली. श्रावण पायानं खुर्चीखालची चप्पल शोधू लागले.

“कुठी चालला गा? बस. ही बारा तुह्यानं पुसवली नाहीत, तेही आयकू दे यायले.”

वसंतरावांनी पिशवीतून स्टोअरचं एक जुनं, जाड रजिस्टर काढलं. खुणेचं पान उघडून अभिजीतच्या हातात दिलं.

“वाच. मोठ्यानं वाच.”

अभिजीतनं चष्मा वर सरकवला. “‘वाघाची उडी, नग बारा. श्रावण पराते यांच्या हातून धुताना फाटली. सबब परत जमा नाहीत. फाटलेली पानं मी स्वतः डोळ्यांनी पाहिली. सही, वसंत निमजे, स्टोअर.’”

सगळ्या माना भिंतीकडे वळल्या. बारा पानांपैकी एकावरही साधा ओरखडा नव्हता.