हुबेहूब

तालमीत नटाने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि तिसऱ्या रांगेत बसलेला वादक खुर्चीत पुढे सरकला. समोर रंगमंचावर तो स्वतःच उभा होता.

नाटक एका व्हायोलिनवादकाचं होतं. प्रयोगात सूर ध्वनिमुद्रित वाजणार होते, नटाने फक्त हात चालवायचे. ते हात शिकायला तो तीन महिने वादकाच्या घरी येत होता. आला की वहिनी वहिनी करत दोनदा चहा मागायचा, मुलीला नकला करून हसवायचा आणि मग खुर्ची ओढून समोर बसायचा. दोघांचं चांगलं मेतकूट जमलं होतं. वादक वाजवायचा, नट त्यावर संवाद म्हणून बघायचा. नट जिथे थांबेल तिथे वादक सुरावट बदलायचा. इतकं मोकळं वादकाला वाद्यवृंदात कधी वाटलं नव्हतं. एकच गोष्ट खुपायची. नट तोंडाकडे कमी आणि हातांकडे जास्त बघायचा.

आता त्याने वादकासारखी कॉलर सारखी केली. वादकासारखा नाक ओढत डावा डोळा मिटला. लोक खिदळले, दोघाचौघांनी मागे वळून वादकाकडे पाहिलं. तोही हसला. न हसून सांगतो कोणाला? मग त्याची नजर नटाच्या डाव्या हातावर गेली.

तीन बोटं तारांवर पळत होती. करंगळी मात्र बाजूला ताठ उभी होती. जिथे ती पडायला हवी, तिथे तिसरं बोटच पुढे सरकून काम भागवत होतं.

वादकाची करंगळी उन्हाळ्यापासून बधिर होती. हे त्याने डॉक्टरला सांगितलं नव्हतं, बायकोला तर नाहीच. तिसऱ्या बोटाची ही पळवाट त्याने दार लावून घोटून घोटून बसवली होती आणि वाद्यवृंदाच्या आवाजात ती खपून जात होती. पुढच्या हंगामात कोणाला ठेवायचं ते याच आठवड्यात ठरणार होतं. ते ठरवणाऱ्या, वाद्यवृंदाच्या प्रमुख बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना जाणकार म्हणून तालमीला बोलावलं होतं नटाने. मघाशी वादक आत आला तेव्हा दोघं दारापाशी काहीतरी बोलत होती आणि त्याला पाहून गप्प झाली होती.

माझ्या घरी बसून हा माझ्याच मुळावर उठलाय, वादकाच्या मनात आलं. त्याला राग आला, पण रागापेक्षा वाईट जास्त वाटलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "करंगळी का वापरत नाही तुम्ही?"

नटाचा गज तारेवरच थबकला.

"नवशिका असा चुकत नाही," बाई म्हणाल्या. "ही बोटं कोणीतरी विचार करून बसवलेली आहेत. कोणाचं बघून शिकलात?"

नटाने क्षणभर आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, जणू तो हात कोणी त्याच्याकडे ठेवायला दिला होता. तिसऱ्या रांगेकडे त्याने मान वळवली नाही.

"बघून कसलं हो! मास्तर ओरडून ओरडून थकले, पण माझी करंगळीच आखूड. मग मीच लपूनछपून ही युक्ती काढली. मास्तर, पकडला गेलो बघ!"

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्या वादकाकडे वळल्या. "मग दाखवा ना त्यांना. वर या. तुम्ही वाजवा, करंगळीने."

वादक उठला. नटाने आणि बाईंनी मिळून हे जुळवून आणलं असेल, तर आता त्याची सुटका नव्हती. पायऱ्या चढून त्याने व्हायोलिनसाठी हात पुढे केला. नट व्हायोलिन सोडेना.

"तू वाजवलंस की मला सगळं सोपंच वाटतं रे," तो मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "माझंच बोट धरून तारेवर ठेव. गज तू ओढ."

वादकाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. नटाच्या चेहऱ्यावर काही म्हणता काही नव्हतं. त्याने उजव्या हाताने गज घेतला, डाव्या हाताच्या चिमटीत नटाची करंगळी धरली आणि तारेवर दाबली. करंगळी घामाने ओली होती. त्याने ती जराशी खाली सरकवली आणि गज ओढला. सूर लागला. लांब, भरलेला सूर. गज संपेपर्यंत दोघंही हलले नाहीत.

"येतं की," बाई म्हणाल्या. नक्की कोणाला, ते त्यांच्याकडे बघून कळत नव्हतं. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, पर्स उचलली आणि निघून गेल्या.

पडद्यामागे वादकाने नटाचा दंड धरला. "कशाला बोलावलंस रे बाईंना?"

"मिरवायला," नट म्हणाला. "तालीम संपली की सांगणार होतो, हे सगळं माझ्या मित्राचं आहे म्हणून. मघाशी दारात तू नेमका मध्ये कडमडलास."

"आणि बोटाचं? कधीपासून माहीत होतं तुला?"

"कुठल्या बोटाचं?"

खरं बोलतोय की सोंग करतोय? वादकाला कळेना. समोरचा माणूस पोट भरायचा तोच मुळी सोंगावर.

नटाने आपली धडधाकट करंगळी चोळत खिशातून रुमाल काढला.

"उद्या डॉक्टरला दाखवायचीय ही," तो म्हणाला. "एकट्याने जायची भीती वाटते रे. येतोस बरोबर?"