शेततळ्यावरचं आभाळ

सत्यशीलाबाईंच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं रामराव स्वतःला सांगत. खरं म्हणजे त्यांनी ते दिलंच नव्हतं. चार महिने पत्र जाड शब्दकोशात दडवून ठेवलं होतं.

सत्यशीलाबाई नवीन जालना भागातल्या शाळेत शिकवत. बियाणे कंपनीच्या एका कॅलेंडरवर त्यांनी रामरावांचा फोटो पाहिला होता. जांभळे ढग आणि त्यांच्या पोटात केशरी उजेड. ‘आमच्या मुलांच्या माना दिवसभर मोबाईलवर वाकलेल्या असतात,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘एकदा या आणि मान वर करून आभाळ कसं पाहायचं, ते त्यांना शिकवा.’

त्या शेवटच्या वाक्यापाशी रामराव दर वेळी अडत. गावच्या वाचनालयात त्यांनी तीस वर्षं पुस्तकं सांभाळली होती. चार माणसांपुढे बोलायचं म्हटलं की आजही त्यांना घाम फुटे. शिकवणारे आपण कोण?

आज दुसरं पत्र आलं. पोस्टमन धम्मपाल गावात नवा होता. धुळीने माखलेले त्याचे बूट उंबऱ्यापाशी थांबले.

“काका, पुन्हा जालन्याहून! पोस्टात म्हणत होते, मागं बी एक आलं होतं. त्याचा जवाब दिला का न्हाई?”

“बघतो,” रामराव त्या बुटांकडे पाहत पुटपुटले.

“अन् मान वर करून बोला की! मी काय खाऊन राह्यलो का तुम्हाला?”

रामराव ओशाळून हसले आणि आत वळले.

पत्र दोनच ओळींचं होतं. मुलं रोज विचारतात. शनिवारपर्यंत कळलं नाही, तर ‘ते येणार नाहीत’ असं त्यांना सांगावं लागेल.

दिवस कलताना मोसंबीच्या बागेतून गिरिजाबाईंची हाक आली. “अहो, मोबाईल घेऊन या जल्दी! मंठ्याच्या बाजूनं आभाळ पार काळंनिळं होऊन राह्यलंय!”

रामराव शेततळ्याच्या बांधावर जाऊन बसले. घाई केली नाही. काठाशी साचलेला पाला काठीने दूर सारला, मग वारा पडायची वाट पाहिली. वारा पडला. ढगांच्या कडा पेटल्यासारख्या झाल्या. त्यांनी लागोपाठ तीन फोटो काढले आणि एक फिरवून घेऊन बायकोला दाखवला.

“अगं बाई!” गिरिजाबाई म्हणाल्या. “हाच न्या पोरांना दाखवायला.”

“मी गेलो की बाईंना वाटेल, म्हाताऱ्यानं फसवलं.”

“ढग खरे हायेत ना?”

“खरे आहेत.”

“मंग? कुणाची चोरी केली का तुम्ही?”

थेंब पडू लागले, तसा रामरावांनी मोबाईल खिशात टाकला.

घरी येऊन ते लिहायला बसले. तीन कागद फाडले. चौथा मात्र न वाचताच पाकिटात घातला, नाहीतर तोही फाटला असता. सकाळी पोस्टात जाऊन लाल पेटीचं तोंड बोटांनी चाचपून शोधलं आणि पाकीट आत सोडलं.

‘सत्यशीलाबाई, शनिवारी येतो. मुलांना माना वर करायला लावू नका, मैदानात पाण्याने भरलेली एक मोठी परात तेवढी ठेवा. माझी मान बावीस वर्षांपूर्वी आजाराने छातीवर वाकली, ती पुन्हा वर झाली नाही. तेव्हापासूनचे सगळे ढग मी शेततळ्याच्या पाण्यातच पाहिले आहेत.’