आजच्या तारखेपासून

"ओटा आधीच बांधून झालाय? मग तो तुमच्या वाट्यात धरता येणार नाही," क्षिप्रा मॅडम म्हणाल्या.

घोडबंदर रोडवरच्या संस्थेच्या ऑफिसातल्या एसीत सगुणाने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. शेजारी, बायकांचा अर्ज लिहून देणारी तिची लेक दक्षता बसली होती. कोपरीच्या खाडीकाठी मासळी विकणाऱ्या बायकांना बसायला ओटा आणि वर छप्पर हवं होतं. निम्मा खर्च संस्था देणार, निम्मा वाटा बायकांचा. पैसे नसतील तर श्रमदान चालेल, असं संस्थेनेच सांगितलं होतं. बायकांनी लगेच दगड वाहिले आणि चिखलात बसवून ओटा उभा केला.

"श्रमदान चालतंच," मॅडम म्हणाल्या. "पण मंजुरीनंतर केलेलं. मंजुरी आज झाली. आजच्या तारखेपासून जे काम कराल, तो तुमचा वाटा."

"सगुणाबाई म्हणतात," दक्षता म्हणाली, "दुसऱ्यापुढे हात पसरायच्या आधी आपलं काम उरकायचं, ही आमच्याकडची रीत आहे."

"रीत छान आहे हो. पण वाटा दिसला नाही तर मंजुरी रद्द होईल."

"मंग आता आमाला काम काय उरलंय?" सगुणाने विचारलं.

"छप्पर. पण ते आमच्या खर्चातलं."

दक्षताच्या डोक्यात तिखट उत्तर तयार होतं. तोंडातून मात्र 'थँक यू, मॅडम' निघालं.

बाहेर आल्यावर सगुणा हसली. "सगुणाबाई! बरी मोठी केलीस गो मना."

"आई, नातं कळलं तर म्हणतील, घरच्यांसाठीच खटपट करतेय."

"बरं बाय. पण हौसाला काय सांगू? कंबर मोडून दगड वाहिले तिने. ते काम नव्हं?"

दक्षताने रिक्षाला हात केला.

संध्याकाळी सगुणा उंबऱ्यात बसून घरातल्या पहारीला जाळ्याचा निळा दोरा गुंडाळत होती.

"हे कशाला?" दक्षताने विचारलं.

"हाताला फोड येतात."

मग तिने टोपल्या रचल्या, मोठ्या खाली, लहान वर, आणि लवकर झोपली.

सकाळी हौसाबाई धावत आली. सगुणा खाडीकाठी पडली होती. अर्धा ओटा उखडलेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. वस्ती म्हणाली, मोडलेला ओटा बघितला आणि बाईचा जीव गेला.

मोडला कोणी, याबद्दल कोणालाच शंका नव्हती. शेजारी पत्रे ठोकून बिल्डरचा टॉवर चढत होता आणि त्याला खाडीकाठ मोकळा हवा होता. दक्षताने पोलिसांत तक्रार दिली. बिल्डरच्या वॉचमनला, गोविंदाला, तिने सगळ्यांदेखत गाठलं.

"माझ्या आईला तुम्ही मारलंत."

"ताई, आईशप्पथ, आमच्यातलं कोणी नव्हतं."

"मग दगड काय भरतीने काढले?"

दहावं झाल्यावर क्षिप्रा मॅडम पाहणीला आल्या.

"बसा ना," हौसाबाई म्हणाली. "पण कुठे बसाल? ओटा होता तवा तुमाला दिसला नाही. आता मोडला, तर बघायला आल्यात."

मॅडमनी मान खाली घातली. "सगुणाबाईंचं ऐकून वाईट वाटलं. कोणी मोडला, कळलं का?"

"या, दाखवते," दक्षता म्हणाली. त्या सकाळनंतर ती ओट्याजवळ गेलीच नव्हती.

काढलेले दगड कोणी फेकलेले नव्हते. कडेला नीट रचून ठेवले होते, मोठे खाली, लहान वर. त्यांच्यामागे एक पहार पडली होती. मुठीवर निळा दोरा होता.

दक्षताने वाकून त्या दोऱ्यावरून बोट फिरवलं. पत्र्यांच्या फटीतून गोविंदा बघत होता.

"कळलं का कोणी ते?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

दक्षताने पहार उचलली.

"लिहून घ्या, मॅडम," ती मोठ्याने म्हणाली. "ओटा पुन्हा बांधायला दगड काढले. मंजुरीनंतरचं पहिलं श्रमदान. सगुणा धाकू कोळी. माझी आई."