दगडूकाकांची सीट

दगडूकाकांनी चावी फिरवली. लाल दिवा लागला, पण इंजिननं हूं की चूं केलं नाही.

"परत मारा," इंजिनावर वाकलेला विनीत मेकॅनिक म्हणाला.

परत तेच. क्लबच्या मैदानावर गवत घोट्याच्या वर आलं होतं, उद्या सामना होता आणि गवत कापायचा ट्रॅक्टर रुसलेल्या जावयासारखा मधोमध बसून होता. सेक्रेटरी मीनाक्षीमॅडम सकाळीच येऊन सांगून गेल्या होत्या, "काका, आज सुरू नाही झाला तर मी बाहेर कंत्राट देणार. मग तुम्हाला ठेवून करू काय?"

दादरच्या या मैदानाचा दुसरा माळी रघु हातात पाना धरून बाजूला उभा होता. त्याला घाम फुटला होता, आणि तो उन्हाचा नव्हता.

सोमवारी काका अर्धा दिवस रजेवर होते. रघुनं चटकन उरकायचं म्हणून प्रेशर पंपानं ट्रॅक्टर धुतला. सीटखालीसुद्धा. सीटखाली पाणी मारायचं नाही, हे काकांनी त्याला शंभरदा बजावलेलं. दुसऱ्या दिवसापासून खड्ड्यात जरा आदळलं की इंजिन बंद पडायला लागलं. आज तर पार मेलं. आणि आळ काकांवर, कारण त्या सीटवर ते दुसऱ्या कुणाला बसूच देत नसत.

"प्लग ठीक. पेट्रोल ठीक. बॅटरी तर एकदम टाइट," विनीत म्हणाला. "काका, तुम्हीच काही जादू केली काय? गेल्या वर्षी सीट पार दाबून टाकलीत, आता इंजिन?"

काका हसले. ती सीट खरंच त्यांच्या वजनानं बसली होती. तेव्हा विनीतनंच जाडजूड स्प्रिंग बसवून दिली होती. आता हत्ती बसला तरी दबायची नाही, असं म्हणून तिघंही खूप हसले होते.

"चल, बघ नीट," काका म्हणाले आणि खाकी शर्टाच्या बाह्या परत वर सारल्या. यंदा क्लबवाल्यांनी युनिफॉर्मची मापं चुकवली, हे त्यांचं रडगाणं दिवाळीपासून चालू होतं.

रघुला त्यांच्याकडे बघवेना. या माणसानं त्याला इथं चिकटवलं. खोलीवर चौघं राहतात आणि त्याच्या दुपारच्या जेवणाचे वांधे आहेत, हे कळल्यावर त्यांनी आपला डबा त्याच्यापुढे सरकवायला सुरुवात केली. आधी एक भाकरी, मग हळूहळू अख्खा डबा. रघु नको म्हणाला की ते आपल्या मालवणीत दटावायचे, "मी घराकडसून पेज जेवान येतंय रे. भरलेलो डबो परत नेलंय तर रखमा माका भायर काढीत." मग रघु बोटं चाटत रखमाकाकूंच्या हातचं बांगड्याचं तिखलं संपवायचा आणि डबा लख्ख धुऊन द्यायचा. त्याच्या अंगावर चांगलं मांस चढलं होतं. ज्याचं खातो त्याच्याच पोटावर पाय आणला, हे त्याला राहून राहून टोचत होतं.

"विनीतभाऊ," त्याचा आवाज फाटला. "मी पाणी मारलं. सीटखाली. सोमवारी."

विनीत सरळ उभा राहिला. "साल्या, सकाळपासून मी इथं कुस्ती खेळतोय आणि तू आता बोलतोस?"

रघुनं मान खाली घातली. आता काका आई-बहिणीवरून उद्धार करणार, म्हणून त्यानं अंग चोरलं. पण काका नुसते म्हणाले, "मेल्या, एवढ्यासाठी रडतंस?" आणि हँडलला धरून सावकाश उतरले. समोरच्या झाडाखाली जाऊन टेकले.

विनीतनं सीट उचलली. "इथं स्विच असतो. सीट दबली तरच करंट जातो. माणूस खाली पडला तर पाती थांबायला नकोत?" त्यानं वायर सोडवली, बोट फिरवलं, फुंकर मारली. "च्यायला, सुकं ठणठणीत आहे. पाणी गेलंच नाही रे! तुझा काही दोष नाही."

रघुला एकदम हलकं वाटलं. इतके दिवस छातीवर बसलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता.

विनीतनं वायर परत जोडली. "बस वर. मार चावी."

"मी?"

"मग मीनाक्षीमॅडमला बोलावू?"

रघु भीतभीत बसला. चावी फिरवली आणि ट्रॅक्टर धडधडत सुरू झाला. विनीतनं शिट्टी मारली. झाडाखालून काका टाळ्या वाजवत आले.

"उतर, उतर! माझी जागा सोड!"

रघु हसत उतरला. तो उतरताच इंजिन थांबलं, तसं ते थांबायचंच. काका चढून ऐटीत बसले. चावी फिरवली.

लाल दिवा.

त्यांनी पुन्हा फिरवली. पुन्हा लाल दिवा.

"परत तू बस," विनीत रघुला म्हणाला. रघु बसला. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं.

विनीतनं चावी बंद केली. पाना-पक्कड न उचलता तो काकांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "काका, शेवटचं वजन कधी केलंत?"

काकांनी पट्ट्याचं लोंबणारं टोक पाठीमागे नेऊन खोचलं. फांदीला अडकवलेली डब्याची पिशवी काढली आणि रोजच्यासारखी रघुच्या मांडीवर ठेवली.

"सगळो खा हां," ते म्हणाले. "रखमा उघडून बघता."