सुटलेला झेल

बाबांच्या आवडीच्या शिऱ्याची वाटी घेऊन आई टीव्हीसमोर बसली. बेसबॉलच्या चॅनलवर रोज संध्याकाळी दिनविशेष लागतो. या तारखेला दरवर्षी तोच जुना, विक्रमी होमरन दाखवतात. टोलवलेला चेंडू मैदानाबाहेर, थेट प्रेक्षकांत उभ्या असलेल्या बाबांकडे येतो. बाकीचे ग्लोव्ह घालून उभे असतात. बाबा मात्र क्रिकेटच्या सवयीने नुसते हात पुढे करतात. चेंडू तळव्यांवर आपटून निसटतो आणि बाबा हात झटकत खळखळून हसतात.

ते गेल्यापासून दरवर्षी त्या हसण्यावर आई पुटपुटते, "लागलं ना हाताला?"

आज मात्र दुसराच खेळाडू दाखवला. गेल्या वर्षी याच तारखेच्या सामन्यात त्याने तो जुना विक्रम मोडला होता. तेव्हा मीही टाळ्या पिटल्या होत्या.

जाहिराती लागल्या. आई वाटी धरून तशीच बसून राहिली.

"अगं, इंटरनेटवर आहे तो व्हिडिओ," मी फोन काढत म्हणालो. "आत्ता लावतो. हवा तेव्हा बघत जा."

"नको," तिने टीव्ही बंद केला. "बोलावून कशाला आणायचं? आजवर हे आपणहून यायचे रे."