हळहळ

नॉर्मन थॅकरेने स्नूकरच्या टेबलाखालून रेस्ट काढली, तेव्हा काचेमागच्या समालोचकांच्या खोलीत इड्रिस प्यूने क्षणभर डोळे मिटले. हात पोचत नसला की क्यूच्या काठीला टेकू देणारी ती लांब दांडी. पण गुलाबी चेंडूपर्यंत नॉर्मनचा हात सहज पोचत होता.

"हात पुरतोय की राव!" शेजारी बसलेली बर्नीस लोमॅक्स माइकवर म्हणाली. "माझी आजीसुद्धा इथं रेस्ट घेणार नाही. आणि ती गेलीये, बरं का."

खाली सभागृहात हशा पिकला. शेफिल्डच्या त्या सभागृहात निम्म्या प्रेक्षकांच्या कानांत इअरफोन होते. काचेमागे बोललेला प्रत्येक शब्द त्यांना ऐकू येई. खेळणाऱ्याच्या कानी मात्र शब्द येत नसत, नुसता हशा येई. नॉर्मनवर त्याचा काही परिणाम झाला नाही. क्यूच्या टोकाला सावकाश खडू घासत तो टेबलाभोवती फिरत राहिला.

दोघांनी नऊ-नऊ फ्रेम, म्हणजे डाव, जिंकले होते. शेवटच्या फ्रेममध्ये टेबलावर फक्त सहा गुणांचा गुलाबी आणि सात गुणांचा काळा उरले होते. नॉर्मन आठ गुणांनी मागे होता, म्हणजे त्याला दोन्ही हवे होते. ते न मिळाले तर एकतीस वर्षांनी व्यावसायिक खेळाडूंच्या यादीतून त्याचं नाव जाणार होतं. बावन्नाव्या वर्षी तिथं पुन्हा कोणी घेत नाही.

इड्रिसने दोघांचे माइक बंद करायचं बटण दाबून धरलं. "बर्नीस, पुरे कर."

"का? तुमचा दोस्त म्हणून?" तीही कुजबुजली. "परवा इथं खेळलेल्या त्या बिचाऱ्या पोराला तुम्ही काय काय बोललात, आठवतंय? मी एक विनोद केला तर लगेच?"

इड्रिसने बटणावरचं बोट तसंच ठेवलं. तीन दिवसांत समालोचनाचा हा त्याचा सातवा सामना होता. घसा सोलून निघाला होता. सहाच्या आत वर्तमानपत्राला मजकूर द्यायचा होता, आणि त्यात काय लिहायचं हे त्याला दुपारपासूनच ठाऊक होतं. स्वतःचा क्यू कपाटात ठेवून त्याला बावीस वर्षं झाली होती; तेव्हापासून तो इतरांचे शेवट सांगत आणि लिहीत आला होता. ते काम तो चांगलं करतो, असं सगळेच म्हणत.

बटण सोडताच बर्नीस पुन्हा माइककडे वळली. "स्पष्टच बोलते, इड्रिस. हे भित्र्या माणसाचं खेळणं आहे. थॅकरे घाबरलाय."

घाबरलाय! तो शब्द इड्रिसला लागला. समोरच्या छोट्या पडद्यावर नॉर्मनचा डावा हात मोठा करून दाखवत होते. बोटं किंचित वाकडी झालेली, अंगठा मुडपलेला. या धंद्यात शिरताना इड्रिसला पहिला धडा मिळाला होता तो हाच: बोलायचं ते पडद्यावर जे दिसतं त्याबद्दल, टेबलाकडे बघून नव्हे, कारण घरी बसलेल्या माणसाला टेबल दिसत नसतं. इतक्या वर्षांत ती सवय हाडीमांसी खिळली होती. पडद्यावर हात होता. तो हाताबद्दल बोलला.

"तो घाबरलेला नाही, बर्नीस. नाताळापासून त्याच्या डाव्या हाताच्या बोटांना काही जाणवतच नाही. टेबलावर हात टेकला तर बोटं कुठं आहेत हेसुद्धा त्याला कळत नाही, म्हणून ती रेस्ट. त्यानं हे माझ्याशिवाय कुणालाच सांगितलेलं नाही. असल्या हातानं तो नऊ फ्रेम जिंकलाय. याला भित्रा म्हणायचं असेल, तर मग शूर कोण ते मला तू सांग."

बर्नीस काचेतून खाली बघत होती. तिचा चेहरा पाहून इड्रिसनेही मान वळवली.

हात दाखवणारं दृश्य काही क्षणांपूर्वीचं होतं. नॉर्मन केव्हाच टेबलावर वाकला होता. रेस्ट लावलेली, हनुवटी खाली, क्यू मागे ओढलेला. आणि त्याच वेळी सभागृहातून एक आवाज उठला. हशा नव्हता तो. चारपाचशे माणसं एकाच वेळी हळहळली होती. लांब, मऊ, माया असलेला आवाज.

क्यू पुढे आला. गुलाबी चेंडू पॉकेटच्या दोन्ही कडांना लागून थरथरला आणि तोंडाशीच थांबला.

पुढचं मिनिटभरात आटोपलं. प्रतिस्पर्ध्याने तो चेंडू नुसता ढकलून आत टाकला. नॉर्मनने त्याच्याशी हात मिळवला, पंचाशीही मिळवला. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले, ते बराच वेळ थांबेनात. नॉर्मनने मान लववली; वर काचेकडे त्याने पाहिलं नाही.

इड्रिसला तो मागच्या बोळात सापडला. बाकावर बसून तो क्यूचे सुटे केलेले दोन भाग पेटीत ठेवत होता, उजव्या हाताने.

"पेपरासाठी आलायस का माफी मागायला?" वर न बघता नॉर्मन म्हणाला. "पेपराचं आधी उरकून घे."

"नॉर्मन, मी पडद्याकडे बघत होतो. तू वाकलायस हे मला..."

"त्या आवाजावरूनच कळलं. बोटांचं सांगितलंस ना?"

"ती तुला भित्रा म्हणाली रे. मला ऐकवेना."

नॉर्मनने पेटीची कडी लावली. पहिल्यांदा ती बसली नाही, दुसऱ्यांदा बसली. मग तो इड्रिसकडे बघून थकलेलं, अगदी सरळ हसला.

"ऐकून घ्यायचंस, गड्या. ते हसले असते ना, तर आत गेला असता तो चेंडू."